सारिकाच्या शेतातली येळवस

मला एका जागी बसवत नाही. पुण्याच्या ज्या नर्सिंग कॉलेजात मी शिकवते, तिथं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. वर्गात मी फिरत फिरत शिकवते, डबा निम्मा उभ्यानंच खाते आणि मीटिंग लांबली की टेबलाखाली माझा पाय हलायला लागतो. त्यामुळं डिसेंबरात प्राचार्यबाई म्हणाल्या की वर्धापनदिनाला नर्सिंगच्या शिक्षणाच्या इतिहासावर तुम्हीच बोला, तेव्हा मी लगेच संधी साधली. म्हटलं, पुस्तकातला इतिहास सगळ्यांनी वाचलाय, मी धाराशिव जिल्ह्यात जाऊन माणसांनाच विचारून येते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. धाराशिव जिल्ह्यातच माकणी आहे आणि माकणीला सारिका आहे, हे त्यांनाही माहीत होतं.

सारिका आमची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. धनगराघरची मुलगी, घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली पहिलीच. पेशंटला न दुखवता कुशीवर वळवावं ते तिनंच. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेली ती परत आलीच नाही. फोन उचलायची नाही. वडिलांना लावला तर "येतीय म्याडम, येतीय" एवढं म्हणून ते ठेवून द्यायचे. हजेरी इतकी घसरली होती की पटावरून नाव कमी करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "सोमवारी ती माझ्यासमोर उभी असली तर काहीतरी बघू," प्राचार्यबाई म्हणाल्या, "नसली तर मला विचारू नका." मी शुक्रवारी पहाटेची एसटी धरली.

वाशी

वाशीला उतरले आणि बाजारातून चार पावलं चालले नाही तोच चपलेचा अंगठा तुटला. एक पाय घासत घासत दुकान शोधलं. दुकानदारानं नवी चप्पल दिली आणि वर सांगितलं, "दोन दिस चावंल बाई, मग ऐकंल." तिनं शेवटपर्यंत ऐकलं नाही.

वाशीत मला एका म्हाताऱ्या सुईणीला भेटायचं होतं. आमच्याकडच्या एका सहकारी बाईंनी तिचा पत्ता दिला होता. सरकारनं गावोगावच्या सुईणींना बोलावून शिकवलं, त्या पिढीतली ही शेवटची उरलेली. पण घरी पोचले तर सुईणबाई लेकीकडं बार्शीला गेलेल्या. सुनेनं मला जोत्यावर बसवलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, येसराची, कढत आमटी वाढली. आमटीनं डोळ्यांतून पाणी काढलं. आमच्या पुण्याकडं पाहुण्याला आधी विचारतात, जेवून आलात का. इथं विचारायच्या आत ताट पुढं येतं, ही पद्धत मला फार बरी वाटली.

सासूचं त्या काळातलं काही राहिलंय का, असं विचारल्यावर सुनेनं फळीवरून एक पत्र्याची पेटी काढली. शिकून आल्यावर सुईणींना अशा पेट्या मिळायच्या. नाळ कापायला ब्लेड, बांधायला दोरा, साबण, नखं घासायचा ब्रश. आता तिच्यात गुंड्या आणि सुया होत्या.

"पेटी मिळाली तवा आत्याबाई लई मिरवायच्या म्हणं," सून हसत म्हणाली. "पर बाया म्हणायच्या, पेटी ऱ्हाऊ दे, तुजा हात लाव."

मी ते वाक्य दिवसभर डोक्यात घोळवत राहिले. आपल्याकडं नर्सिंगचं शिक्षण आधी आलं ते मोठ्या शहरांतल्या मिशनच्या दवाखान्यांत. तिथं शिकायला आल्या त्या बहुतेक समाजानं हात सोडलेल्या मुली, विधवा, पोरक्या. चांगल्या घरातली मुलगी परक्या पुरुषाचं अंग पुसते हे कुणाला पाहवत नव्हतं. हा भाग तर निजामाच्या राज्यातला, इथवर ते पोचायला आणखी वेळ लागला. स्वातंत्र्यानंतर सरकारला दिसलं की खेड्यात नर्स नाही आणि शहरातली यायला तयार नाही. म्हणून एकीकडं सुईणींना पेट्या दिल्या आणि दुसरीकडं शाळा शिकलेल्या गावच्या मुली घेऊन त्यांना थोडक्या मुदतीत एएनएम, म्हणजे गावपातळीच्या नर्स-सुईणी, केलं. मग तीन वर्षांचा कोर्स तालुक्याच्या गावांपर्यंत आला, मग पदवी आली. आणि आता वाशीच्या बाजारात, केळ्यांच्या गाड्याच्या वरती, थोड्या महिन्यांत नर्स करून देणाऱ्या कुठल्याशा संस्थेचा फ्लेक्स फडफडत होता. फ्लेक्सवरच्या मुलीच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता आणि तोही उलटा. मला इतका राग आला की तिथंच उभी राहून मी खव्याचे दोन पेढे खाल्ले.

अणदूर

तुळजापूर, नळदुर्ग करत शनिवारी अणदूरला पोचले. आधी खंडोबाच्या देवळात गेले तर कळलं की देव इथं नाहीत. वर्षातले काही महिने देव नळदुर्गाला मुक्कामाला असतात, बाकीचे इथं, आणि दोन्ही गावांत तसा करारच आहे. पायाला भिंगरी असलेला देव मला पहिल्यांदाच भेटत होता, म्हणजे भेटत नव्हता. मोकळ्या गाभाऱ्याला नमस्कार करून निघाले.

इथं मला वच्छलाबाई नावाच्या जुन्या नर्सबाईंना भेटायचं होतं. त्यांचं घर सापडायला त्रास पडला नाही. सेवानिवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी "सिस्टरचं घर" म्हटलं की लहान पोरसुद्धा बोट दाखवतं. दारात तुळस नव्हे, कढीपत्ता. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांची, आणि त्यांच्या खाली पांढऱ्या साडीतल्या मुलींचा एक पिवळा पडलेला गटफोटो. वच्छलाबाईंच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच दमात ठरवलं की पोरगी शिकणार. सातवी झाल्यावर त्या एएनएमच्या वसतिगृहात दाखल झाल्या.

"मेट्रन लई कडक," त्या सांगत होत्या. "चादरीचा कोपरा वाकडा झाला की अख्खी चादर उचकटून टाकायची. नळाखाली हात धुवायचे, कोपरापातूर. वाहतं पाणीच पायजे. पाण्यात बुडवून हात धुतला की छडी."

"आणि मग गावात?"

"गावात नळ कुठला? मला दिलं ते गाव नळ तर सोडाच, रस्त्याचं बी नव्हतं. एकटीच. डॉक्टर न्हाय, मेट्रन न्हाय. पहिल्या बाळंतिणीच्या घरी गेले, पिशवी उघडली, कागद हातरला, म्हणलं हात धुवाया पाणी द्या. तर त्या घरची म्हातारी तांब्या घिऊन आली आणि वरनं ओताया लागली. ह्येवढ्या उंचावरनं." त्यांनी हात छातीच्या वर नेला. "तांब्याला माझा हात लागू नये म्हणून."

"मग तुम्ही?"

"म्या म्हणलं, वता आजी. आणिक जरा उंचावरनं वता. मला वाहतं पाणीच पायजे हाय." त्या हसायला लागल्या. मला हसू येईना, माझ्या अंगाची नुसती आग होत होती. त्यांनी ते पाहिलं असावं. "राग यायचा बाई. लई यायचा. पर हाताला साबण असायचा ना, काय करता. मग म्या सगळ्या बायांना तसंच धुवाया लावलं. पाटलाच्या सुनेला बी. म्हणायचे, शास्त्रच हाय तसं, एकीनं वतायचं, एकीनं धुवायचं. सा म्हयन्यांनी कोण कुणाला वततंय ते कुणी बघंना."

चहा झाला. मी उठून खोलीत येरझाऱ्या घालत होते, त्यांनी मला दोनदा बसवलं. शेवटी मी त्यांना सारिकाबद्दल सांगितलं. ती का येत नाही ते मला माहीत नव्हतं. मला आपली नेहमीची कारणं दिसत होती. लग्न जमलं असेल, नाहीतर होणाऱ्या सासरच्यांना नर्स नको असेल.

"आपल्याच गावात हाय का ती?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"हो, घरीच."

"मग अवघड हाय. मी परकी होते बघा. लोक सुई टोच म्हणायचे, बाटली लाव म्हणायचे. मी न्हाय म्हणलं तर बोलायचे, तोंड फिरवायचे, पर चालायचं. परक्या बाईचं 'न्हाय' लोक ऐकून घेत्यात. आपल्या घरात 'न्हाय' म्हणाया लई जड."

तेव्हा मला त्याचा अर्थ नीट लागला नाही. मी घड्याळ बघत होते, लोहाऱ्याची गाडी चुकेल म्हणून.

माकणी

रविवारी सकाळी माकणीत उतरले तर गाव सुनं. दारं लोटलेली, पारावर एक कुत्रं. एका अंगणात राखणीला बसलेला म्हातारा म्हणाला, "आज येळवस न्हाय का! समदे रानात हायती." मार्गशीर्षातल्या अमावस्येला इकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, करतात, आत पांडव म्हणून दगड मांडून पुजतात, आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आमच्याकडं अमावस्या म्हटलं की लोक कामं पुढं ढकलतात, आणि इथं वर्षातलं सगळ्यात मोठं जेवण त्याच दिवशी. सारिकाच्या शेतावर पोचेपर्यंत मला तीन बांधांवर आंबील प्यावी लागली.

वाटेत एक फ्लेक्स लागला. उन्हानं विटलेला. त्यावर सारिकाचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत "डॉ. सारिका हिचे हार्दिक अभिनंदन". मुलगी नर्सिंगला लागली म्हणून बापानं हौसेनं लावलेला. तो फ्लेक्स मी जाताना नुसता बघितला, येताना वाचला.

धरणाच्या पाण्यापासून जवळच त्यांचं शेत. ज्वारी उभी, हरभरा घाट्याला आलेला, बांधाच्या पलीकडं मेंढरं. सारिकाचे वडील, आबा, लांबूनच हात उंचावत आले. "म्याडम! आज आमच्या येळवशीला! घोंगडं हातरा रं!" माणूस दिलदार, पण थकलेला दिसत होता. ओठ पांढुरके. मी एका जागी बसते आहे याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. समोर ताट आलं. तूर, वाटाणा, हरभरा, शेंगदाणे आणि मेथी घालून केलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, ताकातली आंबील. भज्जी म्हणजे भजी समजू नये. ही दाट, आंबटसर, चमच्यानं खायची, आणि मी ती तीनदा घेतली.

सारिकानं वाढलं, पण मान वर केली नाही. ती सारखी एका बाजूला बघत होती. तिथं तिची चुलती, काकू, उंडे वळत बसली होती. डाव्या हातानं वळत होती. उजव्या हाताची बोटं वाकायची, पण मूठ मिटायची नाही. मनगटाच्या वर भरून आलेली लांब खूण होती. मी काम करताना असल्या खुणा पुष्कळ पाहिल्यात. पू काढायला चिरा देतात, त्याची.

जेवल्यावर मी सारिकाला म्हटलं, चल, मला धरण दाखव. कोपीपासून लांब गेल्यावर ती आपणहून बोलली.

"मॅडम, काकूचा हात मी असा केला."

दिवाळीत सोयाबीनची कापणी उरकून सगळ्यांची अंगं मोडून आली होती. इकडं थकवा आला की ताकदीची बाटली लावून घेतात, म्हणजे सलाईन. भावानं कुठूनशी बाटली आणली, वर ताकदीचं म्हणून एक पिवळं इंजेक्शन मिसळायला आणलं. वाटेवर डॉक्टर सारिकाचा फ्लेक्स लागलेला. तिनं आधी टाळलं, मग काकूला लावली. शेजारच्या बायका "आमाला बी" म्हणत जमल्या, त्यांना हाकलायला ती बाहेर गेली आणि तेवढ्यात सुई शिरेबाहेर गेली. औषध मांसात उतरत राहिलं. काकूचा हात आगीसारखा पेटला तरी ती बोलली नाही.

"का नाही बोलल्या?"

"तिला वाटलं, दुखतंय म्हंजी गुण येतोय," सारिका म्हणाली, आणि मग ती रडली.

सूज, चुना आणि हळद, मग पू, मग सरकारी दवाखान्यात चिरा. काकूनं तिथं सांगितलं, विळा लागला. घरात कुणी सारिकाला एका शब्दानं बोललं नाही. त्यानंच ती खचली होती.

मी बांधावर येरझाऱ्या घालायला लागले. नवी चप्पल चावत होती, ती काढून हातात घेतली. रागावले, खूप रागावले. म्हटलं, शिकाऊ मुलीनं, डॉक्टरची चिठ्ठी नसताना, घरात? तुला कळत नव्हतं?

"कळत होतं. सलाईनच्या पायऱ्या मला झोपेतनं उठवलं तरी येतील, तुम्हीच पाठ करून घेतल्यात. पण काकू म्हणली, तुला म्या न्हाऊ घातलं, तुझी आई आजारी असताना कडेवर घिऊन रानात काम केलं, आन् तू मला येक बाटली लावत न्हाईस व्हय. तवा काय म्हणायचं मॅडम? ते कितव्या पायरीला हाय?"

मी थांबले. सुईणीला पेटी दिली, वच्छलाबाईंना पिशवी दिली, हिला तीन वर्षांचा अभ्यासक्रम दिला. शिकवलं ते सगळं दवाखान्यातलं, जिथं वर कुणीतरी असतं आणि त्याचं ऐकायचं असतं. आणि काम मात्र अशा जागी, जिथं समोर काकू असते. ऐकायला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो, नकार द्यायला कुणीच शिकवलं नाही. मग मी तिला अणदूरच्या सिस्टरांचं बोलणं सांगितलं, परक्या बाईच्या नकाराचं. त्याचा अर्थ मला आत्ता कुठं लागला होता.

"उद्या प्राचार्यांपुढं उभी राहा," मी म्हटलं. "हे सगळं तूच सांगायचं. मी शेजारी असेन, पण तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही."

"काढून टाकतील?"

"टाकतीलही."

ती कोपीकडं गेली. उन्हं कलली. पोरंबाळं आंबील शिंपडत पिकाभोवती ओरडत पळत होती. मी एकदा मेंढरांपर्यंत जाऊन आले, एकदा विहिरीपर्यंत. ती येणार की नाही ते कळत नव्हतं आणि मला विचारायचंही धैर्य होईना.

सोमवारी काय झालं ते आधीच सांगून टाकते, मला दम धरवत नाही. सारिकानं प्राचार्यांना सगळं सांगितलं, न रडता. तिचं वर्ष गेलं. दुसरं वर्ष पहिल्यापासून करायचं, लेखी समज मिळाली, पण नाव पटावर राहिलं. आणि माझं भाषण? ते झालं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आता पहिल्या वर्षाला मी एक तास असा घेते की मी काकू होते आणि मुलींनी मला नकार द्यायचा. बहुतेक मुली हरतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं.

सारिका पिशवी घेऊन आली. आबा खूश झाले. शेजारच्या बांधांवरचेही सगळे कोपीपाशी जमले, कुणी डब्यात भज्जी भरून दिली. गाडीला अजून अवकाश होता. आबा घोंगड्यावर टेकले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "जाता जाता मला येक बाटली लावून जा की गं. अंगात लई कणकण हाय. आणून ठिवलीया घरात. पुना तू कवा यायचीस."

काकूनं उजवा हात पदराखाली घेतला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते माझं काम नव्हतं.

"न्हाय, आबा," सारिका म्हणाली.

आबा हसले. "आगं, बापाला?"

"बापाला बी न्हाय."

"मग तुला शिकाय कशाला घातली?" त्यांचा चेहरा पडला होता. बारा बांधांवरच्या माणसांसमोर लेकीनं नकार दिला होता.

सारिका खाली बसली. तिनं बापाचं मनगट धरून नाडी पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. "आबा, रक्त कमी हाय तुमचं. बाटलीनं ते यायचं न्हाय. उद्या दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. काकूला संगं न्या, तिच्या बोटांना बी व्यायाम दाखवत्याल." मग ती उठली आणि कुणाकडंही न बघता म्हणाली, "हात धुवाया पाणी द्या."

आबा हलले नाहीत. उठली ती काकू. पाण्याच्या बिंदगीतून, म्हणजे कळशीतून, तांब्या भरला. तो एका हातात धरवेना, म्हणून दोन्ही तळव्यांमध्ये दाबून वर उचलला आणि सारिकाच्या हातांवर ओतायला लागली. निम्मं पाणी मातीत जात होतं. तांब्या हलत होता, काकूचे दात ओठावर रोवलेले होते. सारिका बोटांच्या बेचक्या घासत, मनगटापासून कोपरापर्यंत, शिकवलं होतं तसं, सावकाश धूत राहिली, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत काकूनं तो खाली घेतला नाही.